एस्पोसास म्हणजे काय?

"सत्तरीत कसली स्पॅनिशची परीक्षा? मी फॉर्मवर सही करणार नाही!" क्लासचे दाभोळेसर भर वर्गात गरजले.

"घरी बसून अख्खा शब्दकोश पालथा घातलाय. विचारा काहीही," मथूताई खारकर जागच्या हलेनात.

"बरं, 'एस्पोसास' म्हणजे?"

"बायका. आणि पोलिसांच्या बेड्यासुद्धा."

उत्तर बरोबर आलेलं सरांना पचेना. "ऐकलंत? दोन्हींना एकच शब्द! बायको म्हणजे बेडी, हे त्या लोकांना केव्हाच कळलं होतं," म्हणत ते स्वतःच खो खो हसले. "याला उत्तर द्या, लगेच सही करतो."

मथूताईंनी टोपण काढून पेन त्यांच्यापुढे धरलं. "बेड्या गुन्हेगारालाच घालतात, सर, म्हणजे त्या लोकांनी आधी नवऱ्याला ओळखलं आणि मगच बायकोला नाव दिलं!"