कोरडी राहिलेली तुरटी

तेरणेच्या काठी वाघलगाव नावाचे एक छोटेसे गाव आहे. दत्तजयंतीच्या सप्ताहाला श्रीचिमणनाथ महाराजांचा मुक्काम दरवर्षी त्या गावी असे. महाराज येणार म्हटले की गावात दिवाळीच! कुणी अंगण सारवायला घेई, कुणी दुधाची चरवी घेऊन धावे. आणि महाराज मात्र पिंपळाच्या पारावर आपले कांबळे अंथरून, जणू इथेच जन्मल्यासारखे, निवांत बसत.

याच गावात भागोजी नावाचा एक वृद्ध नाभिक राहत असे. पूर्वी सुगीत घरोघरच्या खळ्यावरून त्याला धान्याचे बलुते मिळे आणि त्यावर वर्षभर साऱ्या गावाची हजामत होई. पुढे बलुते मागे पडले. बाजारपेठेत सर्जेरावाने सलून थाटले. भिंतभर आरसे, फिरती खुर्ची, वर सुगंधी पाण्याचा फवारा! तरणी मंडळी तिकडे वळली, त्यात नवल नाही. पण ज्यांचे हातपाय थकले, ज्यांच्या मागेपुढे कुणी उरले नाही, त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी कुठे जावे? दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, तिथे सलूनचा भाव कुठून परवडणार? त्यांची डोकी वाढत, दाढ्या छातीवर येत, आणि लहान पोरे त्यांना पाहून आईच्या पदराआड लपत.

भागोजीला हे बघवत नसे. "देवानं हातात वस्तरा दिलाय तो शोभेला का?" असे म्हणून तो वस्तरा-कात्रीची धोपटी काखोटीला मारी आणि त्यांच्या दारोदार जाई. त्याची बायको ठकूबाई म्हाताऱ्या बायांच्या केसांतला गुंता तासन्‌तास सोडवत बसे. फुकटची ही सेवा आणि मुखी दत्तनाम, एवढाच त्या दोघांचा संसार.

पण म्हातारपण कुणाला चुकले आहे? एके दिवशी भागोजीचा हात थरथरू लागला, आणि एका आजोबांच्या कानाला वस्तरा लागून भळभळ रक्त आले. तुरटीचा खडा त्याने रक्तावर फिरवला, धोपटी बांधली आणि खुंटीला टांगली, ती टांगलीच.

अशात सप्ताह आला. एका सकाळी गावच्या बैठकीत सर्जेराव मिशीला पीळ देत म्हणाला, "उद्या महाराजांची पंगत आहे. तिथं जटा वाढलेली ध्यानं नकोत. हजामत करून या, न्हाईतर मांडवाच्या बाहेर बसा!" पैसेवाल्यांनी माना डोलावल्या. गरिबाच्या बाजूने बोलणार कोण!

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, आणि पौर्णिमेला त्या गावात कुणी वस्तऱ्याला हात लावत नसे. म्हणजे जे काय करायचे ते आजच, दिवेलागणीच्या आत! बैठक उठताच म्हातारी माणसे काठ्या टेकत भागोजीच्या दारात येऊन बसली. त्यांतली पारूआजी म्हणाली, "भागोजी, कान कापलास तरी चालंल बाबा. पण महाराजांचं दर्शन चुकवू नगंस. फुडल्या वर्षी आम्ही कोण असतो, कोण नसतो!"

भागोजीने आपल्या हाताकडे पाहिले. वाऱ्यावरच्या पानासारखा तो हलत होता. तो ठकूबाईला म्हणाला, "काढ ती धोपटी. महाराजांच्या पायावर ठेवतो. त्येच काय ते सांगतील."

पारावर तेव्हा निराळाच थाट चालला होता. महाराजांचे क्षौर आपल्याच हातून व्हावे म्हणून सर्जेरावाने फिरती खुर्ची पारापाशी आणवली होती. चांदीची वाटी, विलायती वस्तरा, सगळे सज्ज होते. इतक्यात भागोजी आला आणि त्याच्या मागे काठ्यांची ती मिरवणूक आली. भागोजीने धोपटी महाराजांच्या पायाशी ठेवली.

"देवा, ही सगळी तुमची लेकरं. यांना साफसूफ करायचंय, पण माझा हात मेला ऐकत न्हाई."

सर्जेराव खो खो हसला. "भागोजीकाका, त्या वस्तऱ्याला घुंगरू बांधा की! ताल तर झकास धरतोय तुमचा हात!"

सारा पार हसला. भागोजीची मान खाली गेली. महाराज मात्र हसले नाहीत. ते उठले, सर्जेरावाच्या खुर्चीवरून हात फिरवत पुढे गेले आणि खाली मातीत, भागोजीसमोर मांडी घालून बसले.

महाराज म्हणाले, "भागोजी, आधी आमची दाढी करा."

अरे बापरे! भागोजीच्या तोंडचे पाणी पळाले. "महाराज, नको! तुमच्या गळ्याला हा हात? मला नरकातसुद्धा जागा मिळणार न्हाई!"

महाराजांनी धोपटी उघडली, त्यातला तुरटीचा खडा काढला आणि आपल्या मुठीत धरला. "हा खडा आजच्या दिवस आमच्याकडे राहू दे. तुम्हाला लागायचा नाही."

तुरटीशिवाय वस्तरा! भागोजीने डोळे मिटले, दत्तगुरूंचे नाव घेतले आणि महाराजांच्या गळ्याला पाते लावले. हात थरथरतच होता. सगळ्यांना दिसत होता! कुणी तोंडावर हात धरला, कुणी पाठ फिरवली. वस्तरा हनुवटीखाली डुगडुगला, गळ्याच्या घाटीवरून थरथरत गेला, गालावरून वर आला. पाते हलत होते, पण कातडीला जणू ते सायीसारखे लागत होते. शेवटचा फेस पुसला आणि भागोजीने भीतभीत पाहिले. महाराजांचे मुख चंद्रासारखे स्वच्छ! रक्ताचा टिपूस नाही!

"हात थरथरतो म्हणता?" महाराज प्रसन्नपणे म्हणाले. "अहो, नामाच्या तालावर तो डोलतो आहे. बसवा आता एकेकाला!"

मग काय विचारता! कुणी गरम पाण्याचा हंडा आणला, कुणी वाटी धरली, ठकूबाईने तेलाची बुधली उघडून पारूआजीपासून सुरुवात केली. इकडे भागोजीचा वस्तरा थरथरत चालला होता आणि एकेक चेहरा केसांच्या रानातून बाहेर येत होता. धोपटीतल्या आरशात पाहून कुणी लाजत होते, कुणी रडत होते. "अगं बया, ह्यो तर माझा भाऊच दिसाया लागला!" असे एका आजोबांकडे बोट दाखवत पारूआजी ओरडली तेव्हा तर हसून हसून साऱ्यांची मुरकुंडी वळली. कुणाला साधा ओरखडासुद्धा उठला नाही. सर्जेराव आपल्या रिकाम्या खुर्चीला धरून नुसता पाहत राहिला.

उन्हे उतरली. शेवटचा एक म्हातारा डोक्यावरून घोंगडी घेऊन बसला होता. भागोजीने घोंगडी मागे सारली, डोळ्यांवरचे केस बाजूला केले आणि त्याचा हात जागीच थांबला.

"दगडूतात्या! तुम्ही?"

पारावर कुजबुज उठली. तो सर्जेरावाचा सख्खा बाप होता! शेतातल्या खोपटात एकटाच राहायचा. लेकाच्या सलूनच्या पायरीशी तो आला की "गिऱ्हाइकं गेल्यावर बघू" असे ऐकून परत जायचा, आणि गिऱ्हाइके काही संपायची नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

सर्जेरावाचा चेहरा पांढराफटक पडला. महाराज त्याला म्हणाले, "ये बाळ. एवढे एक डोके तुझ्या वाट्याचे आहे."

सर्जेराव विलायती वस्तरा घेऊन पुढे आला. ज्याच्या हाताची साऱ्या बाजारात वाखाणणी होती, तो हात बापाच्या गालाशी जाताच लटलटा कापू लागला. पहिल्याच फटक्यात हनुवटीवर लाल रेघ उमटली.

"तात्या!" सर्जेराव किंचाळला. "तुरटी! कुणीतरी तुरटी द्या!"

महाराजांनी मूठ उघडली. खडा सकाळी होता तसाच कोरडा ठणठणीत होता. "घे. आज हा फक्त तुलाच लागला."

तात्यांनी रक्ताकडे पाहिलेसुद्धा नाही. लेकाच्या दंडावर हात ठेवून ते हसले. "असू दे रं. तू पहिल्यांदा वस्तरा धरलास तो ह्याच गालावर. तवाबी असंच रगत आलं हुतं. मी म्हणलं न्हवतं का, भिऊ नगं, शिकशील?"

हे शब्द ऐकले आणि सर्जेरावाचा बांध फुटला. बापाच्या मांडीवर डोके ठेवून तो मोठमोठ्याने रडला. मग त्याने स्वतःच्या खांद्यावरचा पंचा भिजवून तात्यांचा गाल टिपला, तुरटी लावली आणि दिवेलागणीच्या आत, हलक्या हाताने, त्यांचे डोके आणि दाढी पुरी केली. तोवर कुणीही जागचे हलले नाही.

दुसऱ्या दिवशी महाराजांच्या पंगतीत पहिली ओळ त्या म्हाताऱ्यांची होती, आणि वाढायला सर्जेराव होता. पुढे त्याच्या सलूनमधली ती फिरती खुर्ची दर बुधवारी पाराखाली येऊ लागली, आणि तिच्यावर बसणाऱ्या कुठल्याही थकल्या जिवाला "पैसे आहेत का?" असे कुणी विचारले नाही.

पण ते नंतरचे. त्या संध्याकाळी पिंपळाखाली समया लागल्या तेव्हा सर्जेरावाने आधी महाराजांच्या पायांवर मस्तक ठेवले. महाराजांनी नुसते बोट केले, भागोजीकडे. सर्जेराव वळला आणि कापलेल्या केसांनी भरलेल्या मातीत त्या म्हाताऱ्यापुढे वाकला. भागोजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात अजूनही थरथरत होता.