सुलक्षणाताईंचा दाह

“उद्याच्या बैठकीला मी नाही बसले तर चालेल का, माई?”

चांगुणामाई येरळा नदीकाठच्या आपल्या मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. प्रश्न ऐकून त्यांचा हात थांबला. शेजारी बसलेल्या दुसऱ्या शिष्येचा, हौसाबाईंचा तर जबडाच थांबला, कारण त्या फोडत कमी आणि खात जास्त होत्या.

प्रश्न सुलक्षणाताईंचा होता. त्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या, ते सोडून मठात आलेल्या. माईंच्या गुरूंच्या पुण्यतिथीला एका शिष्येनं सूर्योदयापासून दुपारच्या आरतीपर्यंत समाधीसमोर न हलता, न बोलता बसायचं, आणि जी बसेल तिनं पुढं नव्या बायकांना शिकवायचं, अशी इथली रीत. यंदा हा मान सुलक्षणाताईंना मिळाला होता, आणि त्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. चहा सोडला, दुपारची झोप सोडली, हसणंही बेतानं ठेवलं. आपण काय काय सोडलं हे सांगायचं तेवढं त्यांनी सोडलं नव्हतं.

“का गं?” माईंनी विचारलं.

सुलक्षणाताईंनी डोळे मिटले. “आसन स्थिर राहत नाही, माई. अंतरात दाह आहे.”

हौसाबाईंनी शेंगा बाजूला सारल्या आणि ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं. असला दाह भाग्यवंतालाच होतो, असं त्या पुटपुटल्या.

“जास्ती कवा हुतो?” माई म्हणाल्या.

सुलक्षणाताईंनी पदर सावरला.

“सांग की.”

“लघवीला गेल्यावर.”

हौसाबाईंनी डोकं उचललं.

“खाज पण हाय?”

सुलक्षणाताईंनी मान हलवली. एवढं करतानाही त्यांना एका जागी धड बसवत नव्हतं. बिचारीची दया यावी अशी अवस्था होती.

“मग माझ्याकडं काय आलीस? तालुक्याला डॉक्टरीणबाईकडं जा.”

ताई गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या. चेहरा पार उतरलेला.

डॉक्टरीणबाईंनी तपासून पहिलं हेच विचारलं होतं, की हल्ली कुठल्या गोळ्या घेतल्या? झाली होती साधी सर्दी. पण बैठकीत खोकला येऊन मौन मोडू नये म्हणून ताईंनी भावाच्या घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून घेतल्या, आणि बरं वाटल्यावर खात्रीसाठी पुन्हा घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांची चांगलीच हजेरी घेतली. सर्दीला त्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नव्हता. उलट अंगात राहून रोज उपयोगी पडणारे जंतूच मेले, आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या बुरशीला मोकळं रान मिळालं. औषध दिलंय, थोड्या दिवसांत आराम पडेल, असं म्हणाल्या.

एवढं सांगून झाल्यावर ताईंच्या मनात सलत होतं ते बाहेर आलं.

“बुरशी माझ्या अंगात आधीपासून होती म्हणे, माई.”

“असंल की. लई जणांच्यात असती.”

“पण माझ्यात?”

माईंनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

ताईंनी आवाज सावरला. देहाचं काय ते असो, त्या म्हणाल्या, मनाचं तसं नाही. मनातून त्यांनी राग घालवला होता, हेवा घालवला होता, आळस, हौसमौज, रुसवेफुगवे, सगळं घालवलं होतं.

“आत आता काही म्हणजे काही उरलं नाही, माई. लख्ख.”

“लख्ख…”

“अगदी.”

माईंनी सहज विचारावं तसं विचारलं, “सगळं मेलं की काय वाढतं म्हणाली डॉक्टरीण?”

“बुरशी.”

सुलक्षणाताईंना या प्रश्नातली खोच कळली नाही. इतक्या शिकलेल्या बाईला ती कळायला हवी होती, पण नाही कळली.

“बरं,” माई म्हणाल्या. “उद्या हौसा बसंल.”

हौसाबाईंच्या हातातली शेंग खाली पडली.

ताईंचे कान लाल झाले, मग नाक.

“हौसाबाई? अहो, त्या बसल्या जागी घोरतात. मी वर्षभर चहाचा थेंब तोंडात घेतला नाही, आणि मान कुणाला, तर चहात बटर बुडवून खाणाऱ्या बाईला? हे मला अजिबात चालणार नाही, माई.”

आणि समोरचं सूप त्यांनी असं ढकललं की दाणे ओसरीभर झाले.

हौसाबाई हात जोडून म्हणायला लागल्या, की मला नको बाई तो मान, ताईच बसू देत. त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ताईंचा राग बघून माईंचा चेहरा उजळला होता, तापातल्या लेकराला घाम फुटलेला बघून आईचा उजळतो तसा. त्या पुढं सरकल्या आणि त्यांनी सुलक्षणाताईंच्या कपाळाला हात लावून बघितलं.

“हौसे,” त्या म्हणाल्या, “आलं घालून चहा टाक. हिला उतार पडायला लागलाय.”