फुटक्या मडक्याला पहिलं फूल

खूप जुनी गोष्ट बरं का, घाटात गाडीरस्ता नवा नवा झाला होता तेव्हाची. घाटाखालच्या गावात येसू नावाचा सुतार राहायचा. नांगर-पाभरी करून पोट भरायचा. एकदा त्याने हौसेने बैलगाडी केली. गाव जमलं, "वा वा, काय गाडी आहे!" म्हणालं आणि आपापल्या घरी गेलं. गाडी घ्यायला मात्र कुणी पुढे येईना.

शेवटी कोंडाई कुंभारीण म्हणाली, "माझी मडकी ने बाजाराला."

येसूने बैल जुंपले, कोंडाईही सोबत निघाली. वाटेत ओढा लागला. गोट्यांवरून गाडी गेली मात्र, अर्धी मडकी फुटली! येसूचं तोंड एवढंसं झालं. आता ही बाई गावभर बोभाटा करणार!

पण कोंडाई गाडीत चढली आणि शांतपणे खापऱ्या चाळू लागली. "येसू, नीट बघ. डाव्या अंगाचीच फुटलीत. तुझं डावं चाक लचकतंय, लेकरा."

येसूने चाक दुरुस्त केलं. पुढच्या बाजाराला चारच मडकी फुटली. तिसऱ्या बाजाराला एकही नाही. मग काय विचारता! येसूच्या गाडीचं नाव पंचक्रोशीत झालं. झोपडीतल्या कामाचा कारखाना झाला, पन्नास सुतार आणि दहा लोहार राबू लागले. तिथे एक नेमच पडून गेला. नवी गाडी कोंडाईची मडकी भरून ओढ्यातून न्यायची. मडकी शाबूत राहिली तरच गाडी गिऱ्हाइकाला द्यायची.

एका वर्षी घाटापलीकडे दुष्काळ पडला. राजाचे दिवाण येसूकडे आले. "महिन्याभरात शंभर गाड्या हव्यात. धान्य न्यायचंय, माणसं उपाशी आहेत."

घाईघाईने झाडं तोडली, करवती चालल्या. मुकादम म्हणाला, "मालक, शंभर गाड्यांना मडक्यांची फेरी कुठे घालत बसता? आपण काय आता शिकाऊ आहोत?"

येसूलाही ते पटलं. मोठेपणाची हवा कुणाच्याही डोक्यात जाते, बाबांनो.

मुदतीला चार दिवस उरले. गाड्या रंगवून रांगेत उभ्या होत्या. तेवढ्यात कोंडाई आली, पाठीत वाकलेली, डोक्यावर मडक्यांची पाटी. "यंदा माझी मडकी कुणी नेलीच नाहीत रे!"

मुकादम हसला. "म्हातारे, तुझ्या गाडग्यांसाठी राजाचं काम थांबवायचं होय?"

येसूने मान खाली घातली. त्याला ओढ्यातल्या त्या खापऱ्या आठवल्या. "बैल जुंपा," तो म्हणाला.

दोन दिवस ओढ्यात गाड्याच गाड्या. चाळीस पार झाल्या. साठ गाड्यांत मडक्यांचा चुरा! लाकूड ओलं होतं. ते वाळून आकसलं आणि चाकावरची लोखंडी धाव सैल पडली. भरल्या गाडीने घाट चढताना हेच चाक निखळलं असतं तर? खाली खोल दरी! येसू धावत कोंडाईकडे गेला. "साठ गाडीवान, मावशी! साठ घरं उघडी पडली असती." त्याने तिचे पायच धरले.

मग तो दिवाणांपुढे उभा राहिला. "दिवाणजी, चूक माझी. चाळीस गाड्या आज घ्या, बाकीच्या पंधरवड्यात देतो. मग हवी ती शिक्षा करा."

दिवाण संतापले, पण करतात काय! चाळीस गाड्या दुप्पट खेपा करू लागल्या. इकडे येसूने साठ्यातलं वाळलेलं लाकूड काढलं. ते कमी पडलं तेव्हा स्वतःच्या घराचं आढं उतरवलं. पंधराव्या दिवशी साठही गाड्या ओढा पार करून घाटाला लागल्या. एकही चाक निखळलं नाही. धान्य पोहोचलं, गाडीवान सुखरूप परतले आणि दिवाणांचा रागही निवळला.

दसरा आला. कारखान्यात हत्यारं पूजेला मांडली. मुकादम फुटकी मडकी टाकायला निघाला. "मालक, फुटकं मडकं घरात ठेवू नये, अशुभ असतं."

येसूने त्यातलं एक काढून घेतलं, करवतीशेजारी मांडलं आणि पहिलं फूल त्यालाच वाहिलं.

कोंडाई म्हणाली, "अरे खुळ्या, निदान एखादं धड तरी घ्यायचंस!"

येसूचे डोळे भरून आले. "धड मडक्यांनी मला काय शिकवलं, मावशी? मी उभा राहिलो तो या फुटक्यांवर."

तात्पर्य : वाहवा करणारे आपल्याला मोठं म्हणतात, चूक दाखवणारे आपल्याला मोठं करतात, त्यांचे उपकार विसरू नयेत.