सटवा हलगीवाल्याची उलटी दवंडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर आमदार जीपगाडीतून यायचे आणि आमदारापेक्षा जीपगाडी बघायला जास्त माणसं जमायची, तेव्हाची. वाघी नदीच्या पलीकडे आमचं पैलवाडी गाव, आणि गावात सटवा लोखंडे नावाचा दवंडीवाला. सटवाईच्या कृपेनं वाचला म्हणून सटवा. त्यानं हलगी शेकून, तिचं कातडं ताणून चावडीवर पहिली काडी मारली की ऐलतीरावरच्या म्हशी रवंथ थांबवून माना वर करायच्या, असं म्हणतात. त्या म्हशी दवंडीप्रमाणे वागायच्या असंही मी ऐकलंय, पण तेवढं तुम्ही सोडून द्या.

सटवाच्या तोंडून आलं म्हणजे खरं, अशी गावाची खात्री होती. उद्या टोचायला डॉक्टर येणार म्हणाला, की बाया आजच पोरांच्या बाह्या वर करून ठेवायच्या. या खात्रीच्या मागे एक रीत होती आणि ती पैलवाडीशिवाय कुठेच नव्हती. दवंडी खोटी निघाली तर ती उलटी फिरवायची. म्हणजे काय, तर ज्यानं दवंडी सांगितली त्यानं सटवाच्या पुढे उलट्या पावलांनी चालायचं, शेवटच्या घरापासून निघून जिथं दवंडी उठली तिथपर्यंत, आणि दारादारात सांगायचं की मी बोललो ते खोटं. उलट्या पावलांनी का? तर मागे चालताना तोंड लोकांकडे राहतं.

एकदा नामा कुंभारानं गाढव चोरीला गेल्याची दवंडी दिली आणि गाढव निघालं त्याच्याच मडकी भाजायच्या आव्याच्या आडोशाला. नामा अख्खं गाव उलटा चालला. "गाढव चोरीला गेलं नव्हतं, मीच बांधायला विसरलो," असं घराघरात सांगत गेला. शेवटी गाढवावरच आदळला. हसून हसून गावाची पोटं दुखली, पण नामाची पत गेली नाही, उलट वाढली. आपल्या तोंडानं घाण झाली, आपल्याच तोंडानं पुसली, एवढाच त्याचा अर्थ.

तर अशा गावात निवडणुकीच्या दिवसांत शिवदासराव आले. नदीला मांडीभर पाणी होतं. रावांचं धोतर भिजू नये म्हणून दोन पैलवानांनी त्यांना खांद्यावर बसवून आणलं. खाली उतरायच्या आतच राव बोलले, की मला निवडून द्या, पुढच्या पावसाळ्याआधी वाघी नदीवर पूल होईल. मग सटवाकडे बघून म्हणाले, "सटवाबा, घाला दवंडी. तुमच्या तोंडून गेलं की मला सभा घ्यायला नको."

सटवानं तिथं नदीकाठीच काडी मारली. "ऐका होऽऽ, पुढच्या पावसाळ्याआधी वाघीवर पूल होईल होऽऽ." सगळ्या आळ्या फिरला. आणि गाव ऐकून थांबलं नाही, गावानं ते धरून पुढचं पाऊल टाकलं. पावसाळ्यात नदी ओलांडायला आमच्याकडे गूळ शिजवायची एक मोठी लोखंडी काहील होती. तिच्यात सात माणसं बसायची आणि ती गरागरा फिरत पार जायची. आता पूल होणार, मग काहील कशाला अडवून ठेवायची? पैलवाडीनं ती ऐलतीरावरच्या गुऱ्हाळाला देऊन टाकली. दुसऱ्या कुठल्या गावानं आधी पूल बघितला असता, मग काहील दिली असती. आमच्या गावानं सटवाला ऐकलं होतं.

शिवदासराव निवडून आले. पावसाळा आला. पूल आला नाही.

त्या श्रावणात सुतारांची सून गोदा बाळंत व्हायची होती. सकाळी कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं, दवाखाना ऐलतीराला. नदी काठोकाठ. काहील समोर, गुऱ्हाळाच्या दारात पालथी पडलेली दिसत होती, पण ती आणायलाही नदीच ओलांडावी लागत होती. सुईणीनं जेवढं हातात होतं तेवढं केलं. दुपार कलेपर्यंत गोदा वाचली. बाळ वाचलं नाही.

सुतारानं सटवाला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तो चावडीवर आला आणि एवढंच म्हणाला, "सटवाबा, तुझं ऐकून काहील दिली होती आपण."

सटवानं ते ऐकलं आणि हलगी पाठीवर टाकली. त्या दिवसापासून त्यानं दुसरी दवंडी तोंडातून काढली नाही. लग्नं लागली, जत्रेचा दिवस ठरला, ग्रामसभा बोलावली, कुणाला काही कळेना. लोक एका लग्नाला दोन दिवस उशिरा पोचले, तर वऱ्हाड उठून गेलेलं. कुणी विनवायला गेलं की सटवा म्हणायचा, की माझ्या तोंडात एक खोटी दवंडी अडकून बसलीय, ती उलटी फिरल्याशिवाय दुसरी बाहेर कशी येईल?

नदी उतरली तसा तो तालुक्याला गेला. राव बंगल्याच्या व्हरांड्यात बसले होते. सटवानं रीत सांगितली. एक तर पूल द्या, नाहीतर गावात येऊन उलटे चाला. बसलेली माणसं हसली. राव त्यांच्याहून मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "अहो सटवाबा, होईल की. राजकारणात सगळं होईलवरच चालतं."

"खोटं तुमचं आहे रावसाहेब," सटवा म्हणाला, "पण तोंड माझं वापरलंत."

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. तिसऱ्या दिवशी परत. राव जिथं फीत कापायला जात तिथं सटवा उभा, आणि त्यांच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता, पुलाची दवंडी. माणसं आता सटवाकडे न बघता रावांकडे बघून हसायला लागली, तेव्हा रावांच्या माणसांनी त्याची हलगी हिसकावली. एवढ्या मोठ्या माणसाला एका म्हाताऱ्याच्या हलगीची भीती वाटावी. पूल बांधायला हात नव्हते, हलगी ओढायला सहा हात पुढे आले. हलगी नेऊन त्यांनी बंगल्यातल्या खुंटीला टांगली. सटवा रिकाम्या हातानं गावी आला आणि नदीकाठी जाऊन बसला.

आता इथून पुढचं मी सांगत नाही, लोक सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावांच्या बायकोनं विचारलं, अंघोळीला कधी जाताय? राव म्हणाले, पाच मिनिटांत जाईन. खुंटीवरची हलगी आपोआप कडाडली. रावांना वाटलं, उंदीर असेल. कुणी रस्त्याचं निवेदन घेऊन आलं, त्याला राव म्हणाले, करू. कडाड्. शाळेचे मास्तर आले, त्यांना म्हणाले, बघणार आहे. कडाड् कडाड्. संध्याकाळपर्यंत सगळ्या घराच्या लक्षात आलं, की राव होऊन गेलेलं बोलले तर हलगी गप्प बसते, चाललेलं बोलले तरी गप्प बसते, पण पुढचं काही बोलले की वाजते. येईन म्हणायची सोय नाही, देऊ म्हणायची सोय नाही. एका पुढाऱ्याचा भविष्यकाळच बंद झाला. आता तुम्हीच सांगा, भविष्यकाळ काढून घेतल्यावर पुढाऱ्याजवळ उरतं काय?

रावांनी हलगी विहिरीत टाकली. मग अख्खी विहीरच वाजायला लागली, आणि तिचा आवाज तीन गावं जायचा, असं म्हणतात. बाहेर काढून कडब्याच्या गंजीत पुरली, तर बैलांनी वैरण सोडली. मुंबईला अधिवेशन भरलं. राव उठले, "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात लवकरच" एवढं बोलले आणि होईल म्हणताच सभागृहाच्या मधोमध हलगी कडाडली. हलगी तर इकडे गंजीत. सगळे बाकांखाली वाकून बघायला लागले. त्या दिवशी आणखी बऱ्याच बाकांखालून आवाज येत होता असंही म्हणतात, पण ते मी इथं बोलत नाही, माझं घर साधं कौलारू आहे, कुणी दगड मारले तर सोसायचं नाही.

शेवटी रावांची बायको म्हणाली, "ज्याची आहे त्याला नेऊन द्या. आणि तो सांगेल ते करा."

राव निघाले तेव्हा दुसरा पावसाळा लागला होता आणि नदीला पूर होता. खांद्यावर घेणारे पैलवान होते, पण एवढ्या पाण्यात कोण उतरतंय? ऐलतीरावर एकच साधन होतं, गुऱ्हाळाच्या दारातली काहील. आपल्या खोट्या शब्दापायी गावाच्या हातून जी सुटली, तिच्यातच राव बसले, हलगी छातीशी धरून. काहील मधोमध गेली आणि फिरायला लागली. तिनं रावांना एकशे एक गिरक्या दिल्या असं म्हणतात. शेवटच्या काही मी जोडल्या असतील. पैलतीराला लागले तेव्हा राव उभे होते की बसलेले हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

सटवा काठावरच होता. रावांनी हलगी पुढे केली. सटवानं हात मागे घेतले. "आधी उलटी दवंडी," तो म्हणाला. "शेवटच्या घरापासून. मी मागून येतो."

मग राव चालले. वरच्या आळीच्या शेवटच्या घरापासून, उलट्या पावलांनी. आयुष्यभर हा माणूस लोकांना पाठ दाखवून पुढे गेला होता. त्या दिवशी प्रत्येक घर त्याला लांब जाईपर्यंत तोंडासमोर दिसत राहिलं. दारादारात ते म्हणत होते, की पूल होईल असं मी बोललो ते खोटं होतं. पहिल्या दारात पुटपुटले. दहाव्या दारात जरा ऐकू आलं. कुणी हसलं नाही. नामा कुंभाराच्या वेळी हसलेली माणसं सगळी दारात गप्प उभी होती.

सुतारआळीत गोदा उंबऱ्यात उभी होती. राव थांबले, बोलायचं ते खाली बघून बोलले.

"मोठ्यानं म्हणा," गोदा म्हणाली. "आत पाळण्यापर्यंत गेलं पाहिजे."

पाळणा रिकामा होता. राव मोठ्यानं बोलले. त्यानंतर पुढच्या एकाही घरी त्यांना मोठ्यानं बोला म्हणून सांगावं लागलं नाही.

आता दवंडी उठली होती नदीच्या काठावर, आणि तो काठ पुराच्या पाण्याखाली गेलेला. रीत म्हणजे रीत. राव उलटे चालत पाण्यात शिरले, घोट्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. ज्या धोतरासाठी दोन माणसं वाकली होती ते धोतर पाण्यावर तरंगायला लागलं. तिथं सटवानं हात वर केला. दवंडी उतरली होती. सटवानं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला, आणि त्या श्वासानं काठावरचे लव्हाळे आडवे झाले असं म्हणतात.

पण सटवा तेवढ्यावर थांबला नाही. "तुमचं जुनं फिटलं," तो पाण्यातल्या माणसाला म्हणाला. "नवं काही सांगायचंय का? नसलं तर काहील उभी आहे. असलं तर हलगी तुमच्या गळ्यात आणि तोंड तुमचं. माझं मिळणार नाही."

राव काहिलीकडे वळले नाहीत. कशानं ते मला ठाऊक नाही, गार पाण्यानं म्हणा, पाळण्यानं म्हणा, त्यांनी हलगीचा पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला. काडी मारली, आणि म्हणाले, "ऐका, वाघीवर पूल होईल."

आणि मग पट्टा गळ्यातून निघेना. गाठ सोडायला जावं तर गाठच सापडेना. मोच्यानं आरी लावली, आरी वाकली. राव हलगीसकट तालुक्याला गेले, हलगीसकट मुंबईला गेले, मंत्र्यांच्या दारात हलगीसकट बसले. साहेबलोकांनी कागद दाबून ठेवला की हलगी आपोआप वाजायची आणि कागद सापडेपर्यंत थांबायची नाही. जेवायला हलगी, झोपायला हलगी. असं म्हणतात की दोन वर्षं त्यांना कुणी लग्नाला बोलावलं नाही, कारण नवरदेवापेक्षा बँडवालाच जास्त नटलाय असं लोकांना वाटायचं. आणि दोन वर्षांत पूल उभा राहिला. शेवटचा दगड बसला त्या क्षणी पट्टा आपोआप सुटून खाली पडला. रावांच्या मानेवर वळ मात्र जन्मभर राहिला. ते उपरण्यानं झाकायचे.

सटवानं हलगी उचलली, शेकली, आणि शेवटची दवंडी दिली. "ऐका होऽऽ, पूल झाला." होईल नाही, झाला. मग हलगी चावडीच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "आता ज्याची त्यानं वाजवावी." गोदाच्या दारात क्षणभर थांबला, पुलावर चढला आणि पलीकडे गेला. परत आला नाही. ज्या ज्या गावात खोटी दवंडी अडकलेली आहे तिथं तिथं तो अजून फिरतोय असं म्हणतात. असं असेल तर त्याला इतक्यात परत यायला फुरसत मिळेल असं वाटत नाही.

आमच्या पैलवाडीत आजही कुणी होईल म्हणत नाही. शिंप्याला विचारा सदरा कधी मिळेल, तो म्हणतो, झाला की सांगतो. आणि निवडणूक लागली की सटवाच्या नावानं चावडीपुढे जाळ करतात आणि हलगी शेकायला घेतात. उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, त्याला भोंगा नाही, हारतुरे नाहीत. यायचं, हलगी गळ्यात घालायची आणि काय देणार ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. म्हणून आमच्याकडच्या प्रचारसभा फार लवकर संपतात. बरेच जण पिकापाण्याची चौकशी करतात, हवा छान आहे म्हणतात आणि जातात.

मागच्या खेपेला एक तरुण उमेदवार आला होता, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. पलीकडच्या गावात त्यानं विमानतळ देऊन टाकला होता. इथं त्यानं हलगी हातात घेतली, पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि हसत विचारलं, "हा पट्टा सुटतो ना?"

सुतारांच्या घरातली एक म्हातारी पुढेच बसली होती. ती म्हणाली, "काम झालं की सुटतो."

त्यानं हलगी अगदी हळू, आवाज न होऊ देता खुंटीला लावली. सगळ्यांना हात जोडले आणि पुलावरून परत गेला, आमच्याकडे तोंड ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत. हे मात्र कुणी म्हणत नाही, मी स्वतः पाहिलंय.