भिवरामावशीची चूल

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा डोंगर आजच्याहून दाट होते आणि राज्यं एवढी लहान होती की एका बाजूला कोंबडा आरवला तर दुसऱ्या बाजूला ऐकू यायचा. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

अशाच एका राज्याच्या मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, भिवरा नावाची बाई स्वयंपाक करायची. तीस वर्षं तिने तिथल्या चुली पेटवल्या होत्या. राजा रांगत होता तेव्हापासून तो तिच्या हातचा मऊ भात खात मोठा झाला होता. गादीवर बसल्यावरही तो तिला मावशीच म्हणे. तिच्या हाताला चव अशी की पाहुणे राजे तंट्याची बोलणी जेवणाआधीच उरकून घेत. कारण एकदा जेवण झालं की भांडायला कोणाचं मनच होत नसे.

पण अलीकडे राजाला एक गोष्ट खटकू लागली होती. मावशी वाढायला आली की तिचे डोळे लालबुंद असत, पापण्या सुजलेल्या असत, आणि गालांवर पाण्याचे ओघळ वाळलेले असत.

"मावशी, का रडता?" राजाने एकदा विचारलंच.

"मी कुठे रडते? मी तर मजेत आहे," भिवरा हसून म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून गेली.

राजाला वाटलं, बिचारी मनातलं लपवते आहे. त्याने तिला जरीकाठी लुगडं पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती ते नेसून आली, डोळे मात्र तसेच लाल. मग राजाने मुदपाकखान्याच्या दाराशी एक सनईवाला बसवला, मावशीचं मन रमावं म्हणून. तिसऱ्या दिवशी सनईवाला खोकत खोकत, डोळे चोळत निघून गेला तो परत आलाच नाही.

"बघा," राजा कारभाऱ्याला म्हणाला, "मावशीचं दुःख एवढं मोठं आहे की ऐकणारा सनईवालासुद्धा रडत पळाला."

आत जाऊन बघावं, हे मात्र कोणालाच सुचलं नाही. राजाने मुदपाकखान्यात पाऊल टाकू नये अशी रीत होती, आणि कारभाऱ्याला तिथे जायचं काही कारण नव्हतं.

एके दिवशी शेजारचा राजा जेवायला आला. भिवराने आमटीत मीठ घातलं. मग डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं, घातलं की नाही ते तिच्या लक्षात राहिलं नाही, आणि तिने पुन्हा एकदा घातलं. पंगतीत राजाने एक अक्षर न बोलता सगळी वाटी संपवली. पाहुणा मात्र तीन तांबे पाणी प्याला. उरलेली आमटी चाखली तेव्हा भिवराला कळलं, आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी राजाने तिला बोलावलं. ती घाबरत घाबरत गेली. पण तो म्हणाला, "मावशी, माहेरी जाऊन किती वर्षं झाली?"

"झाली असतील दहा."

"मग महिनाभर जाऊन या."

भिवराचं माहेर डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीत होतं. तिचा भाऊ हैबती आणि वहिनी सारजा सरपणावर पोट भरत. घरापुरतं ठेवायचं आणि उरलेल्या मोळ्या बाजारपेठेतल्या हलवायाला, कुंभाराला, लेकुरवाळ्या घरांना विकायच्या.

पहिल्याच सकाळी भिवरा सवयीने चुलीपाशी जाऊन बसली. तिने पदर नाकाला लावला आणि फुंकणी हातात घेतली.

सारजा हसू लागली. "वन्सं, फुंकणी कशाला? आणि नाक का बांधलंत?"

"चूल पेटवायची ना?"

"अहो, पेटलीय की."

भिवराने पाहिलं. चुलीत पिवळी ज्योत सरळ उभी होती. लाकूड फुरफुरत नव्हतं, त्याच्या टोकातून फेस येत नव्हता. धुराची एक बारीक रेघ वर जात होती, उदबत्तीची असावी तेवढीच. भिवरा वाकून चुलीत बघू लागली, मग चुलीच्या मागे बघून आली.

"सारजा, धूर कुठे गेला गं?"

"कुठला धूर?"

भिवराचं लहानपण गुरं राखण्यात गेलं होतं. चूल फुंकायला ती शिकली ती राजवाड्यातच, आणि पुढे माहेरी आली तेव्हा आयतं ताटच पुढ्यात येई. चूल म्हणजे धूर आणि धूर म्हणजे डोळ्यांत पाणी, हे तिला उन्हाला ऊन म्हणावं तसं वाटे. म्हणून तर राजाने विचारलं तेव्हा सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

सारजा तिला घरामागे घेऊन गेली. तिथे एक खोपी होती. वर गवताचं छप्पर, चारी बाजू उघड्या. खाली दगड मांडून त्यांवर फोडलेली लाकडं आडवी-उभी रचली होती, मधून वारा खेळावा अशी.

"झाडाच्या फक्त फांद्या घ्यायच्या, खोडाला हात लावायचा नाही," सारजा सांगू लागली. "पुढच्या खेपेला तेच झाड पुन्हा फांद्या देतं. ओली असतानाच फोडायची, सोपी फुटतात. मग इथे रचून वर्षभर विसरून जायचं."

"वर्षभर?"

"वन्सं, लाकडाच्या अंगात पाणी असतं. ते कुठून तरी जायचंच. सवड दिली तर वाऱ्यावर जातं, नाही दिली तर बाईच्या डोळ्यांतून जातं."

तिने दोन ढलप्या उचलून एकमेकींवर आपटल्या. ठण्! मग कालच आणलेल्या दोन ओल्या फांद्या आपटल्या. थप्प.

"बोलतं ते सुकलं, मुकं ते ओलं. एवढंच शास्त्र."

भिवराला एवढा आनंद झाला की ती दिवसभर लाकडं वाजवत हिंडली. हैबतीने बायकोला हळूच विचारलं, "ताईला बरं आहे ना?"

आठ दिवसांत भिवराच्या डोळ्यांची लाली उतरली. पंधरा दिवसांत ती सुईत दोरा ओवू लागली. महिना भरला तेव्हा समोरच्या टेकडीवरच्या शेळ्या ती घरात बसून मोजत होती. निघताना तिने भावाकडे एकच ओवाळणी मागितली: गाडीभर सुकं लाकूड.

गाडी राजवाड्याच्या चौकात शिरली. राजा स्वतः सामोरा आला. मावशीचा उजळलेला चेहरा बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"मावशी, माहेर मानवलं. आता तुम्ही आरामच करायचा. वाड्यात खोली दिली आहे, दोन वेळचं ताट येईल. चुलीवर मी दुसरा माणूस नेमला आहे."

भिवराच्या मनात आलं, दोन वेळचं ताट! जिने तीस वर्षं साऱ्या वाड्याला वाढलं, तिने आता कोपऱ्यात बसून आयतं खायचं? राजाच्या बोलण्यात माया होती, म्हणून तर ते अधिकच लागलं. रागावला असता तर तिने माफी मागितली असती. मायेशी कसं भांडायचं?

ती म्हणाली, "महाराज, मला एक दिवस द्या. उद्याचा स्वयंपाक मी करते. पण एक अट आहे. तुम्ही चुलीपाशी पाट मांडून बसायचं."

कारभारी पुढे झाला. "तशी रीत नाही, मावशी."

"मी मावशीच्या मांडीवर बसून जेवलो आहे," राजा म्हणाला. "तेव्हा कुठली रीत होती?"

दुसऱ्या दिवशी राजा मुदपाकखान्यात पाटावर बसला. शेजारी कारभारी बसला. भिवराने पहिली चूल वाड्याच्या लाकडांनी पेटवली. लाकूड सुसू करू लागलं, टोकांतून फेस आला, आणि मग जो धूर निघाला त्यात राजाला कारभारी दिसेना आणि कारभाऱ्याला राजा दिसेना. राजाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कारभाऱ्याच्या मिशा ठिबकू लागल्या. नवा आचारी केव्हाच अंगणात पळाला होता.

"मावशी!" राजा खोकत ओरडला. "हे असं रोज?"

"रोज, महाराज. मी रडत नव्हते हो. मला वाटायचं, चूल म्हणजे हे असंच."

सगळ्यांनी बाहेर येऊन मोकळा श्वास घेतला. मग भिवराने दुसरी चूल माहेरच्या लाकडांनी पेटवली. चार काटक्या, वर दोन ढलप्या, आणि ज्योत सरळ उभी राहिली. कढईत पुरी टम्म फुगली, तेव्हा दारातून बघणारी सगळी माणसं "अहाहा!" म्हणाली. राजाने ती पुरी तिथेच, मांडी घालून, फुंकर मारून खाल्ली.

पण हात धुताना त्याचा चेहरा कठोर झाला. "वाड्यात ओलं लाकूड आणतो कोण?"

लाकूडवाल्या लिंबाजीला बोलावलं. तो खोटं बोलला नाही.

"महाराज, पहिल्या खेपेला मी एक गाडी सुकी आणली होती. कोठीवर तराजूत घातली, तर वर्षभर राखलेली ती गाडी ओल्या गाडीच्या निम्मीच भरली, म्हणून परत नेली. बायको म्हणाली, एवढं राखून पोराबाळांना काय घालू? तुमच्या तराजूला पाणी आवडतं, महाराज. मी त्याला पाणी देत गेलो."

राजाने कारभाऱ्याकडे बघितलं. कारभारी हळूच म्हणाला, "लाकूड वजनावर घ्यावं, हा जुना हुकूम गादीवर बसल्यावर आपणच कायम केला होता."

राजा आधी गोरामोरा झाला. आणि मग मोठमोठ्याने हसू लागला. "म्हणजे मावशीला रडवणारा मी, आणि सनई लावणाराही मीच!"

भिवरा म्हणाली, "लिंबाजीला शिक्षा करू नका, महाराज. त्याला माझ्या वहिनीकडे पाठवा. चार दिवसांत शिकेल."

त्याच दिवशी कोठीवरचा लाकडाचा तराजू उतरवला. लाकूड रचून हाताने मोजायचं ठरलं: इतके हात लांब, इतके हात उंच, आणि वाजवून घ्यायचं. मुदपाकखान्यामागे सारजाच्या देखरेखीखाली मोठी खोपी उभी राहिली. वाड्यातली लाकडं सुकेपर्यंत डोंगरपायथ्याच्या वाडी-वस्त्यांनी आळीपाळीने आपलं राखून ठेवलेलं सरपण पुरवलं, आणि त्या वर्षी तिथल्या घराघरांत गोडधोड झालं. नवा आचारी भिवराच्या हाताखाली राहिला आणि मीठ बेताने घालायला शिकला. मग नगरातल्या बायका खोपी बघायला येऊ लागल्या, आणि बघता बघता प्रत्येक परसात एकेक छप्पर उभं राहिलं. बाजारात लाकूड घेताना जिकडेतिकडे ठण् ठण् असा नाद घुमू लागला.

राजाला मात्र एक सवय जडली ती कायमची. महिन्यातून एकदा तो कोणाच्या तरी कामाच्या जागी जाऊन बसे. कधी लोहाराच्या भात्याशी, कधी धोब्याच्या घाटावर, कधी विणकराच्या मागापाशी. तो फारसं काही विचारत नसे, नुसता बसून राही. आणि उठताना बहुतेक वेळा त्याला आपलाच एखादा हुकूम बदलावासा वाटे. त्याच्या राज्यात फिर्यादी कमी होत गेल्या आणि माणसं हसतमुख होत गेली.

बोध: दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबवायचं असेल, तर त्याला लांबून देणग्या देऊ नयेत, आधी त्याच्या चुलीपाशी जाऊन बसावं.