आवडीचा रहाट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माडवण गावात तेव्हा रेडे रहाट ओढायचे आणि पोफळींना पाणी मिळायचं. तिथं भिकाजी सुताराची बायको होती आवडी. पाल चुकचुकली तरी दचकायची, असं म्हणतात.

भिकाजीनं नवा रहाट घडवला. चाकात लोखंडी गोळे बसवले. एका बाजूचे गोळे पडले की दुसऱ्या बाजूचे वर चढतील, रहाट रेड्याविना जन्मभर फिरेल, असा त्याचा हिशोब. चाकाचं चित्र घेऊन तो मुंबईला गेला आणि लाल शिक्क्याचं पेटंट घेऊन आला.

"सरकारी शिक्का उगाच उठतो होय?" खोत म्हणाला. गावानं रेडे विकून टाकले.

आवडीनं घरात हळूच विचारलं, "अहो, शिक्का मारणाऱ्या साहेबानं रहाट फिरवून बघितला?"

"चित्र बघितलं. असं चाक आधी कुणी काढलं नाही, एवढंच आहे त्या कागदात."

"मग गावाला सांगा की!"

"आता? रेडे गेल्यावर?"

चैत्र तापला. रहाट विहिरीवर चढला, दोन गिरक्या घेतल्या आणि कुरकुरत थांबला. खोत म्हणाला, "सुतारा, उद्या फिरला नाही तर तुला याच विहिरीत उलटा टांगतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आवडी विहिरीत उतरली. रहाटाखालच्या कपारीत काळोख होता, पायाखाली शेवाळ. "ऊन डोक्यावर आलं की बास म्हणा," तिनं नवऱ्याला बजावलं आणि चाकाच्या आऱ्यांवर पाय रेटले.

रहाट फिरला! पाटातून पाणी धावलं, वर ढोल वाजले. ऊन डोक्यावर आलं.

"बास करा, दमेल!" भिकाजी ओरडला.

"लाकूड कधी दमतं का रे?" लोक हसले.

"खाली आवडी आहे हो!"

खोतानं कागद नाचवला. "यात कुठं आहे आवडीचं नाव?" आणि चौघांनी भिकाजीला धरून ठेवलं.

खाली आवडीनं ओठ घट्ट मिटले होते. हाक मारली तर नवरा जाणार. पाय थांबले तरी नवरा जाणार.

मग पाण्याबरोबर हिरव्या काचा वर आल्या. बांगड्यांच्या. मग पाणी लाल झालं, असं म्हणतात. ढोल थांबले. लोक खाली धावले, तर कपार रिकामी! आणि रहाट फिरतच होता. कुणीही नसताना, गरगर, गरगर.

भिकाजीनं विहिरीवर ओणवून विचारलं, "कोण फिरवतंय?"

रहाट जागीच थांबला.

तेव्हापासून माडवणात कुठलाही पंप चालू करताना घरातली थोरली बाई विहिरीवर ओणवते आणि विचारते, "कोण फिरवतंय?" कुणीतरी "वीज" म्हणतं, कुणी "डिझेल". उत्तर आलं की मगच पाण्याला हात लावायचा. आवडीचा मान तो.

मध्यंतरी एकजण वीज-डिझेलाविना आपोआप चालणारा पंप घेऊन आला. बाईनं विचारलं, "कोण फिरवतंय?" त्यानं हसत शिक्क्याचा कागद पुढे केला.

आणि विहिरीच्या तळातून बांगड्या किणकिणल्या, असं म्हणतात.