डफाविना दवंडी

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, राजाला काही सांगायचं असलं की गावात दवंडी पिटत, तेव्हाची ही गोष्ट. एका मोठ्या तळ्याच्या बांधाखाली एक गाव वसलं होतं. तिथे राजा राहत होता, आणि राजाचा दवंडीवाला होता शामुवेल.

शामुवेल प्रभू येशूला मानणारा. त्याचा डफ वाजला की बायका चुलीपुढून उठून उंबऱ्यात येत. वीस वर्षांत "हे खरं कशावरून?" असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

एके वर्षी तळ्यातले मासे मरून वर आले. पाणी पिऊन पोरंबाळं आजारी पडली. राजाच्या मेहुण्याने आपल्या कापड रंगवण्याच्या कारखान्यातलं विषारी पाणी तळ्यात सोडलं होतं, हे साऱ्या दरबाराला ठाऊक होतं. पण राजाचा मेहुणा, त्याला बोलणार कोण? राजाने शामुवेलला बोलावून हुकूम दिला की कुंभारांनी तळ्यात विष कालवलं, अशी दवंडी पीट.

कुंभारांची मडकी गावातल्या घराघरात होती, शामुवेलच्याही घरात होती. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, शेजाऱ्यावर खोटा आळ घेऊ नये, ही माझ्या देवाची आज्ञा आहे. तुमचे सगळे हुकूम मी आजवर पाळले. हा पाळता येणार नाही."

राजा हसला. लोक डफाचं ऐकतात, याचं नव्हे, असं म्हणून त्याने डफ काढून घ्यायला लावला. डफ दुसऱ्याच्या गळ्यात गेला आणि ती खोटी दवंडी पिटली गेली. कुंभारांना गावाबाहेरच्या टेकडीवर हाकललं. शामुवेलला जन्मभर बांधावर दगड वाहण्याची शिक्षा झाली; बांध सोडला तर शंभर फटके.

त्याची पाठ वाकली, हाताला घट्टे पडले. जाणारे-येणारे त्याला खिजवत, तुझा देव आज सुट्टीवर आहे वाटतं, म्हणत. एका दुपारी त्याची बायको मार्था भाकरी घेऊन आली, तेव्हा त्याचा धीर सुटला. देवाचं ऐकल्याचं हेच फळ का, असं त्याने तिला विचारलं.

मार्था म्हणाली, "आपल्या प्रभूनं क्रूस वाहिला, तुम्ही दगड वाहताय. चोरी करून नाही, आज्ञा पाळून. मी तर बाजारातून मान वर करून चालते."

त्या दिवसापासून शामुवेलनेही मान वर केली. दगड काही हलके झाले नाहीत, हेही सांगायला हवं.

पण दगड वाहता वाहता बांधाची नस न् नस त्याला कळू लागली. पायथ्याशी नितळ पाणी झिरपलं तर घाबरायचं नाही. गढूळ झिरपलं तर समजावं, आतून माती वाहून चालली आहे.

सातव्या वर्षी एका सकाळी त्याला गढूळ पाणी दिसलं. त्याने मुकादमाला सांगितलं, मुकादम राजाकडे धावला आणि नवा दवंडीवाला डफ बडवत निघाला. बांध फुटतोय, टेकडीवर चला, असं तो गल्लोगल्ली ओरडत होता. पण कुणी जागचं हललं नाही. सात वर्षांत त्या डफावर इतकं खोटं वाजलं होतं की बायकांनी तव्यावरून नजरसुद्धा काढली नाही.

हे कळलं तेव्हा शामुवेलला शंभर फटके आठवले. तरी तो बांध उतरला. डोक्यावरचं घमेलं रिकामं करून त्यावर दगड आपटत तो गावात शिरला.

"लोकहो, मी शामुवेल सांगतोय. बांधातून गढूळ पाणी येतंय. पोरं उचला आणि टेकडीवर चला."

चुली तशाच पेटत्या टाकून सारं गाव धावलं. राजाही धावला, पायांत काही न घालता. वर कुंभार उभे होते. ज्यांनी त्यांना हाकललं, त्यांनाच हात देऊन त्यांनी वर ओढून घेतलं आणि मडक्यांतलं पाणी पाजलं. दुपारी बांध फुटला. घरं गेली, पण माणूस एकही गेलं नाही.

राजाने डफ आणून शामुवेलपुढे धरला. शामुवेल म्हणाला, "महाराज, सात वर्षांपूर्वीची एक दवंडी राहून गेली आहे. आधी ती पिटेन."

राजा खाली बघत हो म्हणाला. मग घट्टे पडलेल्या हातांनी शामुवेलने डफ वाजवला आणि कुंभार निर्दोष आहेत, विष राजाच्या मेहुण्याच्या रंगाच्या कारखान्यातलं होतं, हे साऱ्या टेकडीला ऐकवलं. कुंभारांच्या म्हाताऱ्या रडल्या. मार्था सगळ्यांच्या पुढे उभी होती, मान वर करून.

डफ गळ्यातच राहिला असता, तर शामुवेलला बांध कधी कळलाच नसता.

देवाची आज्ञा पाळताना जे सोसावं लागतं, ते देव कधी वाया जाऊ देत नाही.